घरची मजुरीही हिशेबात धरा

“एका टी-शर्टाचे किती घेता?” हा प्रश्न आम्हाला दिवसातून पाच-सहा वेळा ऐकावा लागतो. विचारणाऱ्याला एकच आकडा हवा असतो. आम्ही मात्र त्याला उलट विचारतो, नग किती, कापड सुती की पॉलिस्टर, छपाई नुसती पुढे की मागेही, रंग किती आणि माल कोणत्या तारखेला हवा? काहींना याचा राग येतो. “पलीकडचा तर एका दमात दर सांगतो,” असे म्हणून ते निघून जातात. जाणाऱ्याला आम्ही अडवत नाही. एका दमात सांगितलेला दर बहुतेक वेळा शेजारच्या दुकानदाराकडे पाहून सांगितलेला असतो, स्वतःच्या खर्चाकडे पाहून नव्हे. अशा दरावर उघडलेली आणि दोन-तीन वर्षांत कुलूप लागलेली छपाईची दुकाने आम्ही वसई-नालासोपाऱ्यात पाहिली आहेत. काम चांगले होते, गिऱ्हाईक होते, माणसेही कष्टाळू होती. हिशेब तेवढा नव्हता.

आम्ही वसई पूर्वेला गोखिवरे येथे एका छोट्या गाळ्यात टी-शर्ट छपाईचे काम करतो. आम्ही दोघे नवरा-बायको, धाकटा भाऊ आणि दुपारच्या वेळी आमच्या आई, एवढीच माणसे. वडील मुंबईच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात ती नोकरी गेली, आणि गिरणगावातल्या पुष्कळ कुटुंबांप्रमाणे आम्हीही परवडणाऱ्या खोलीच्या शोधात पश्चिम रेल्वेच्या या टोकाला आलो. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. गोखिवरे, वालीव, सातिवली हा सारा पट्टा आता गाळ्यांचा झाला आहे. कुठे प्लास्टिकचे काम, कुठे पुठ्ठ्याचे, कुठे लोखंडाच्या सुट्या भागांचे. त्यातच आमचा एक गाळा. क्रिकेटचे संघ, शाळा, गोविंदा पथके, कंपन्यांचे कामगार आणि १४ एप्रिलच्या आधी जयंतीची मंडळे, ही आमची गिऱ्हाईके.

आपल्या वस्तीतली मुले अधूनमधून गाळ्यावर येतात. नोकरी नाही, हाताला काम हवे, छपाई शिकवाल का, असे विचारतात. छपाई शिकणे कठीण नाही. चार-सहा महिने मन लावून काम केले की हात बसतो. दर कसा काढायचा, हे मात्र कोणी शिकवत नाही. यंत्र विकणारा यंत्र विकून जातो, शाई विकणारा शाई विकून जातो. म्हणून आमच्या वहीतले एक पान आज वाचकांपुढे ठेवतो. यातले आकडे आमच्या गाळ्याचे आहेत. तुमचे वेगळे असतील, पण हिशेबाची रीत तीच राहील.

शंभर नगांचा हिशेब

समजा, १०० गोल गळ्याच्या सुती टी-शर्टांची ऑर्डर आहे. कापड गडद निळे. छातीवर छोटे चिन्ह आणि पाठीवर मोठे चित्र, दोन्ही पांढऱ्या रंगात. छपाईत प्रत्येक रंगाला आणि प्रत्येक जागेला वेगळा पडदा लागतो, त्यालाच आम्ही स्क्रीन म्हणतो. म्हणजे येथे दोन स्क्रीन झाले. गडद कापडावर पांढरी शाई एका हातात उठत नाही. एक हात मारायचा, तो जरा वाळवायचा, मग दुसरा मारायचा. शेवटी शाईला साधारण १६० अंश सेल्सिअस ताप द्यावा लागतो, नाहीतर दोन धुण्यांत चित्र सोलून निघते. आता खर्च पाहा.

कोरे टी-शर्ट, १४० रुपये दराने: १४,०००
माल गाळ्यापर्यंत आणण्याचे भाडे आणि हमाली: ४००
दोन फिल्म: २००
दोन स्क्रीन, प्रत्येकी ३५०: ७००
शाई: ५००
खराब होणारे ३ नग: ४२०
पिशव्या आणि चिकटपट्टी: ३००
मजुरी, ४ रोज, ६०० रुपये दराने: २,४००
गाळ्याचा खर्च, २ दिवस, ६०० रुपये दराने: १,२००
एकूण: २०,१२० रुपये

म्हणजे एका टी-शर्टाला २०१ रुपये २० पैसे पडले. यात अजून एक पैसाही नफा धरलेला नाही.

यातल्या काही रकमांचा खुलासा केला पाहिजे. कोरा माल तामिळनाडूतल्या तिरुपूरचा. तेथे होजिअरीचे मोठे केंद्र आहे. आम्ही तो मुंबईतल्या घाऊक व्यापाऱ्याकडून उचलतो. १४० च्या दरात जीएसटी आलेला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर हा कर ५ टक्के आहे. वस्तूंची विक्री राज्यातल्या राज्यात करणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. कापड गिऱ्हाईकाचे आणि आपली फक्त छपाई असेल तर ती सेवा ठरते. तेथे ही मर्यादा २० लाखांची आहे. मात्र नोंदणी नसेल तर खरेदीवर भरलेला कर परत मिळत नाही. तो खर्चातच धरावा लागतो.

खराब मालाचे ४२० रुपये पाहून पुष्कळजण विचारतात, “तुमच्याकडे काम बिघडते का?” सगळीकडेच बिघडते. कधी शाईचा डाग पडतो, कधी कोऱ्या मालातच भोक निघते, कधी वीज जाते आणि कापड तापावर राहते. शंभरात तीन नग आम्ही धरतो. वाचले तर आनंद आहे.

गाळ्याचे रोजचे ६०० कसे आले? भाडे ९,०००, वीज २,५००, फोन आणि प्रवास १,५००, आणि यंत्रांची झीज २,०००, असे महिन्याला १५,००० होतात. कामाचे २५ दिवस धरले तर दिवसाला ६००. झीज म्हणजे काय, तर आमचे छपाईचे यंत्र आणि हीट प्रेस मिळून ९६,००० रुपयांची आहेत. ती चार वर्षे चालतील असे धरले तर दर महिन्याला २,००० रुपये त्यांच्या नावाने बाजूला पडायला हवेत. नाहीतर चार वर्षांनी यंत्र जाते आणि पुन्हा कर्जाच्या दारात उभे राहावे लागते.

मजुरी कोणाची?

आता मुख्य मुद्दा. बाजारात असाच टी-शर्ट १९० रुपयांना करून देणारे आहेत. ते खोटे नाहीत, लबाडही नाहीत. त्यांचा हिशेब आम्ही ओळखतो. ते वरच्या यादीतून शेवटच्या दोन रकमा गाळतात. मजुरी का धरायची, काम तर घरचीच माणसे करतात. गाळ्याचे भाडे का धरायचे, ते तर महिन्याला द्यायचेच आहे. या दोन रकमा काढल्या की खर्च १६,५२० उरतो, म्हणजे नगाला १६५ रुपये २० पैसे. १९० ला विकले की शंभर नगांत २,४८० रुपये नफा झाला असे वाटते. प्रत्यक्षात त्या ऑर्डरीत १,१२० रुपये तोटा झालेला असतो. तो तोटा दिसत नाही, कारण तो घरातल्या माणसांनी आपल्या अंगावर घेतलेला असतो. नवरा रात्री अकरापर्यंत छापत राहतो, बायको स्वयंपाक आटोपून घड्या घालते, मुलगा शाळेतून आला की पिशव्या भरतो. यातल्या एकाच्याही कामाचा दाम गिऱ्हाईकाने दिलेला नसतो. तो त्यांनी फुकट वाटलेला असतो.

फुकट राबणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. महार वतनात गावाचे आणि सरकारचे काम दिवसरात्र करायचे आणि मोबदल्यासाठी बलुत्याची वाट पाहायची. ते किती मिळेल, कधी मिळेल, हे देणाऱ्याच्या मर्जीवर. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा बलुत्याच्या जागी रोख मोबदला ठरावा ही गोष्ट त्यात होती. त्याच वर्षी गिरण्यांचा मोठा संप झाला. त्या वेळी विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत, कारण तेथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. त्या खात्यात मजुरी जास्त होती. तो प्रश्नही बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. कामाला ठरलेला दाम असला पाहिजे आणि चांगल्या दामाचे काम आपल्यालाही मिळाले पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी विनामोबदला राबणे सोडले, त्यांनी स्वतःच्या गाळ्यात स्वतःला आणि बायकामुलांना फुकट राबवू नये, असे आम्हाला वाटते.

म्हणून आमच्या वहीत चार रोज लिहिलेले असतात. अर्धा रोज फिल्म आणि स्क्रीन तयार करण्याचा, दोन रोज छपाईचे, एक रोज वाळवण्याचा आणि ताप देण्याचा, अर्धा रोज तपासणी, धागे कापणे, घडी आणि पिशवीचा. बाईचा रोज आणि पुरुषाचा रोज सारखाच. धागे कापणे आणि घडी हे काम आई करतात. त्यांच्या अर्ध्या रोजाचे ३०० रुपये त्यांच्या हातात दिले जातात. पहिल्यांदा दिले तेव्हा त्या म्हणाल्या, “घरात कसली रे मजुरी? मी काय परकी आहे का?” पैसे त्यांनी उशाखाली ठेवले. पुढे पोस्टात खाते उघडून घेतले. गेल्या पावसाळ्यात डोळ्याचे ऑपरेशन झाले त्याचे पैसे त्यांनी त्याच खात्यातून काढून दिले. कोणाकडे हात पसरावा लागला नाही, याचा त्यांना फार अभिमान आहे. आता शंभराच्या ऑर्डरीत रोज लिहायचा राहिला तर त्याच आठवण करून देतात.

नफा आणि सूट

मजुरी वेगळी, नफा वेगळा. मजुरीवर घर चालते, नफ्यावर धंदा चालतो. मंदीचे महिने, बुडालेली उधारी, नवे यंत्र, कर्जाच्या मुद्दलाची फेड, हे सारे नफ्यातून करायचे असते. एप्रिल २०१५ पासून मुद्रा योजनेत तारणाशिवाय कर्ज मिळते, शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत. आपल्या मुलांनी ते जरूर घ्यावे. मात्र हप्ता भरला म्हणजे धंदा नफ्यात आहे असे नव्हे. व्याज खर्चात लिहावे आणि मुद्दल नफ्यातून फेडावे.

आम्ही खर्चावर २० टक्के नफा धरतो. २०१ रुपये २० पैशांवर २० टक्के धरले की २४१ रुपये ४४ पैसे होतात. आम्ही २४० सांगतो. नगाला ३८ रुपये ८० पैसे नफा. शंभर नगांत ३,८८० रुपये. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. खर्चावरचे २० टक्के आणि विक्रीवरचे २० टक्के एक नव्हेत. २४० मध्ये ३८ रुपये ८० पैसे म्हणजे विक्रीच्या १६ टक्केच झाले. विक्रीवर २० टक्के हवे असतील तर दर २५१ च्या वर लावावा लागेल. व्यापारी कोणते टक्के बोलतो आहे हे आधी विचारून घ्यावे.

मग गिऱ्हाईक म्हणते, “दहा टक्के तरी सोडा.” दहा टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण ते २४० चे दहा टक्के आहेत, म्हणजे २४ रुपये. ते कोऱ्या मालाच्या किमतीतून जात नाहीत, शाईतून जात नाहीत, गाळ्याच्या भाड्यातून जात नाहीत. ते सरळ ३८ रुपये ८० पैशांतून जातात. उरतात १४ रुपये ८० पैसे. दहा टक्के सूट दिली म्हणजे नफ्यातले साठ टक्क्यांहून अधिक गेले. तेवढाच नफा पुन्हा मिळवायचा तर शंभराच्या जागी दोनशे साठहून जास्त टी-शर्ट छापावे लागतील. हे गणित एकदा कागदावर करून पाहिले की सूट देताना जीभ आपोआप जड होते.

थोडे नग असतील तर?

नग कमी झाले की दर का वाढतो, हे समजावताना फार वाद होतात. कारण साधे आहे. दोन फिल्म आणि दोन स्क्रीन यांचे ९०० रुपये दहा नगांनाही लागतात आणि पाचशे नगांनाही तेवढेच लागतात. १० नग असतील तर नगाला ९० रुपये, १०० असतील तर ९ रुपये, ५०० असतील तर १ रुपया ८० पैसे. वाढदिवसाला पाच टी-शर्ट हवे असणाऱ्याला आम्ही स्क्रीनचे काम सांगतच नाही. त्याला डीटीएफ बरे. त्यात चित्र खास फिल्मवर छापून येते आणि हीट प्रेसने कापडावर बसते. स्क्रीन लागत नाही, रंग कितीही चालतात. ती फिल्म आम्ही बाहेरून मीटरवर करून आणतो. क्रिकेट संघाला प्रत्येकाचे नाव आणि क्रमांक हवा असतो, तेथेही हीच पद्धत उपयोगी पडते. पॉलिस्टरच्या फिकट कापडावर सब्लिमेशन चालते, सुती कापडावर ते टिकत नाही. कोणत्या कामाला कोणती पद्धत, हे ठरवण्यातच निम्मा नफा असतो.

पदपथावर शंभर-सव्वाशेला छापील टी-शर्ट मिळतो, त्याच्याशी आमची बरोबरी नाही आणि आम्ही ती करतही नाही. तो हजारोंनी एकाच चित्राचा निघतो. आपल्या संघाचे नाव, आपल्या शाळेचे चिन्ह, पंचवीसच नग आणि तेही शुक्रवारपर्यंत, हे त्याच्याकडे मिळत नाही. मराठी अक्षरांचे काम तर फार जपून करावे लागते. एका संगणकावर नीट दिसणारा मजकूर दुसऱ्यावर उघडला की वेलांट्या उलट्या होतात, जोडाक्षरे फुटतात. म्हणून छापण्याआधी नमुना कागदावर काढून गिऱ्हाईकाची सही घ्यावी. चुकीचे नाव शंभर टी-शर्टांवर गेले तर चौदा हजारांचे कापड फुकट जाते. ही काळजी हेही कामच आहे आणि तिचाही दाम दरात आला पाहिजे.

आपला माणूस

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक आपले. आपले म्हणजे नात्यातले, वस्तीतले, मंडळातले. एका वर्षी मार्चमध्ये जवळच्या वस्तीतल्या जयंती मंडळाची चार-पाच मुले आली. शंभर टी-शर्ट हवे होते, पुढे-मागे छपाई. दर ऐकून त्यांचे चेहरे उतरले. त्यातला एक म्हणाला, “काका, आपल्याच माणसांकडून एवढे घेता? बाहेर एकशे नव्वदला होतंय.” प्रश्न वर्मी लागणारा होता. एका बाजूला वस्ती, रोजचे येणे-जाणे, सुखदुःख. दुसऱ्या बाजूला महिनाअखेरीचे भाडे आणि मुलीची कॉलेजची फी. शिवाय जयंतीचे काम. नाही कसे म्हणायचे?

आम्ही त्यांना चहा दिला आणि वहीचे पान समोर ठेवले. एकेक रक्कम वाचून दाखवली. आईंचे ३०० रुपयेही दाखवले. मग विचारले, “वर्गणी किती जमली आहे?”

“साडेबावीस हजार,” खजिनदार म्हणाला.

तेव्हा आम्ही दर कमी केला नाही, काम कमी केले. पाठीवरचे मोठे चित्र गाळले आणि ते छोटे करून छातीवरच्या चिन्हात बसवले. एक फिल्म वाचली, एक स्क्रीन वाचला, शाईचे २०० वाचले, एक रोज वाचला आणि गाळ्याचा अर्धा दिवस वाचला. खर्चातून १,५५० रुपये गेले. खर्च १८,५७० झाला, त्यावर २० टक्के धरून नगाला २२३ रुपये. शंभर नगांचे २२,३००. मंडळाचे २०० रुपये उरले, आमची मजुरी राहिली, नफाही राहिला. माल ११ एप्रिलला हातात दिला. त्याच दिवशी आम्ही मंडळाला ५०१ रुपये वर्गणी दिली आणि रीतसर पावती घेतली.

वर्गणी द्यायची तर वर्गणी म्हणून द्यावी, दरात लपवून देऊ नये. दरात दिलेली सूट कोणाच्या लक्षात राहत नाही. पुढच्या वर्षी तोच दर धरला जातो आणि त्याहून दहा कमी मागितले जातात. शिवाय आपल्या वहीत तो तोटा म्हणून बसतो. पावतीची वर्गणी मात्र दोघांच्याही हिशेबात स्वच्छ राहते. गिऱ्हाईक म्हणून आपणही हे पाळले पाहिजे. आपल्या माणसाच्या दुकानात जाऊन बाहेरच्यापेक्षा कमी देणे म्हणजे आपल्या माणसाला मदत नव्हे. योग्य दाम वेळेवर देणे ही मदत आहे.

उधारी

उधारीचे दुखणे सगळ्या छोट्या धंद्यांना आहे. आम्ही मंडळांकडून आणि संघांकडून ६० टक्के रक्कम आधी घेतो. २४,००० च्या कामाला १४,४०० होतात. कोऱ्या मालाचे १४,००० त्यातून सुटतात, म्हणजे ऑर्डर रद्द झाली तरी दुसऱ्याच्या कापडाचे पैसे आपल्या अंगावर येत नाहीत. निम्मे घेतले तर १२,००० च येतात आणि कापडालाच दोन हजार कमी पडतात.

कंपन्या मात्र आधी देत नाहीत. एका कंपनीने कामगारांचे शंभर टी-शर्ट घेतले आणि पैशासाठी चार महिने फिरवले. आज साहेब नाहीत, उद्या सहीचा माणूस रजेवर. आमचे जवळजवळ २०,००० रुपये तिच्याकडे अडकले. तेवढे पैसे महिना ३ टक्क्यांनी उचलावे लागले तर महिन्याला ६०० रुपये व्याज, चार महिन्यांचे २,४००. म्हणजे ३,८८० च्या नफ्यातले १,४८० च उरले. उशिरा मिळालेला पैसा हा कमी मिळालेला पैसा असतो.

यावर कायदा आहे, तो आपल्या लोकांना माहीत नसतो. सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांसाठी २००६ साली केंद्राने कायदा केला. त्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघू उद्योगाचा माल किंवा सेवा घेणाऱ्याने लेखी मुदत ठरली असल्यास त्या मुदतीत, पण कोणत्याही स्थितीत ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात. मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज देणे लागते. यासाठी उद्यम नोंदणी हवी. ती १ जुलै २०२० पासून सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत. आम्ही आता प्रत्येक बिलावर उद्यमचा क्रमांक आणि पैसे देण्याची तारीख छापतो. तेवढ्यानेही पुष्कळांचे साहेब रजेवरून लवकर परत येतात.

पावसाळ्याचे चार महिने

शेवटी एक सांगायचे आहे ते पावसाळ्याबद्दल. आपल्या भागातला पाऊस सर्वांना ठाऊक आहे. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपाऱ्यात पाणी भरले, रेल्वे बंद पडली. असे दिवस आले की माल येत नाही आणि जात नाही. दमट हवेत कोऱ्या कापडाला वास लागतो, शाई वाळायला वेळ लागतो, वीज जाते. म्हणून आमचा कोरा माल जमिनीपासून तीन फूट वर फळीवर असतो. गोविंदाच्या ऑर्डरी सोडल्या तर कामाचे दिवस घटतात. महिन्याला २५ च्या जागी १५ दिवस काम मिळाले तर गाळ्याचा रोजचा खर्च ६०० वरून १,००० वर जातो. हे वाढीव पैसे पावसाळ्यातल्या गिऱ्हाईकाकडून मागता येत नाहीत. ते जानेवारी ते एप्रिलच्या कमाईतून बाजूला काढलेले असावे लागतात. एप्रिलमध्ये हातात खुळखुळणारा सगळा पैसा आपला नसतो. त्यातला काही जुलैच्या भाड्याचा असतो.

ज्या मुलांना हे काम सुरू करायचे आहे त्यांनी यंत्र घेण्याआधी दोन रुपयांची वही घेतली तरी चालेल, पण प्रत्येक ऑर्डरीला एक पान द्यावे. डावीकडे दर सांगतानाचा अंदाज लिहावा, उजवीकडे काम झाल्यावरचा खरा खर्च. दोन्हींत फरक कोठे पडला ते पाहावे आणि पुढच्या ऑर्डरीत दुरुस्त करावे. दर सहा महिन्यांनी कोऱ्या मालाचा आणि शाईचा भाव नव्याने विचारावा. आणि मजुरीच्या ओळीत घरातल्या प्रत्येक राबणाऱ्या माणसाचे नाव लिहावे. बायकोचे, भावाचे, आईचेही. त्या ओळीत नावे आहेत आणि नावांपुढे पैसे आहेत, तोवर तो धंदा आपला आहे असे समजायला हरकत नाही.